रोजच्या वापरातील स्पोर्ट्स कारला कोणते ब्रेक पॅड बसवावेत?

नवी दिल्ली : स्पोर्ट्स कार विकत घेणाऱ्याला तिच्या इंजिनाची अश्वशक्ती तोंडपाठ असते. ब्रेक पॅडची आठवण मात्र ते झिजल्यावर, नाही तर चाकांच्या रिमवर काळी धूळ साचू लागल्यावर होते. मग गॅरेजमध्ये हमखास एक प्रश्न विचारला जातो : ‘याहून जोरदार काही मिळेल का?’ मिळते. शर्यतीच्या ट्रॅकवर वापरले जाणारे पॅड आता भारतातही मागवता येतात आणि वेगवान गाडीला तेच शोभतील असे वाटणे स्वाभाविकही आहे. परंतु असे पॅड बसवलेल्या गाडीचा दिवसातला पहिला ब्रेक, म्हणजे सोसायटीच्या फाटकाबाहेर पडताच शाळेच्या बसमागे लावावा लागणारा ब्रेक, कंपनीने दिलेल्या मूळ पॅडपेक्षा कमजोर ठरू शकतो. कारण त्या वेळी पॅड थंड असतात, आणि शर्यतीचे पॅड थंड अवस्थेत काम करण्यासाठी बनवलेलेच नसतात.

पॅडची निवड करताना विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच ‘किती जोरदार?’ हा नसून ‘किती तापमानाला?’ हा आहे. गाडी कोणत्या कंपनीची, किती अश्वशक्तीची, यापेक्षा ती रोज कोठे आणि कशी चालते यावरून त्याचे उत्तर ठरते.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक लावणे म्हणजे धावत्या गाडीतील गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे. पॅड डिस्कवर दाबले जातात, घर्षण होते, डिस्क तापते आणि ती उष्णता हवेत सोडून देते. दीड टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एवढ्या उष्णतेत जवळपास पावणेदोन लिटर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत नेता येते. जोरात ब्रेक लावल्यास हे सारे अवघ्या तीन-चार सेकंदांत घडते. शिवाय ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो. त्यामुळे पुढे इंजिन असलेल्या गाडीत साधारणपणे दोन तृतीयांश काम पुढच्या ब्रेकना करावे लागते. पुढची प्रत्येक डिस्क साडेनऊ किलो ओतीव लोखंडाची आहे असे धरून हिशेब केला, तर ताशी १०० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबल्यावर तिचे सरासरी तापमान सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअसने वाढते. ताशी ५० किलोमीटरवरून थांबल्यास ही वाढ जेमतेम ११ अंशांची असते. पुढचा सिग्नल येईपर्यंत तीही बऱ्याच अंशी ओसरते. बंगळूरु असो, दिल्ली असो वा पुणे, शहरी रहदारीत डिस्क एरवी शंभर-दीडशे अंशांच्या आसपासच घोटाळत राहते. सकाळी निघताना तर ती केवळ हवेइतकीच गरम असते.

आता हीच गाडी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर नेली असे समजा. २०११ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीसाठी खुल्या झालेल्या या ५.१२५ किलोमीटरच्या मार्गावर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. ताशी २०० किलोमीटरवरून ८० पर्यंत वेग उतरवायचा, तर वरच्याच हिशेबाने पुढच्या डिस्कचे तापमान एका झटक्यात दीडशे अंशांनी चढते. आणि ती निवण्यापूर्वी पुढचे वळण येते. काही फेऱ्यांत डिस्क पाचशे अंशांपलीकडे जाते. रस्त्यासाठीचे पॅड येथे माघार घेतात, तो त्यांचा दोष म्हणता येत नाही. त्याचप्रमाणे या तापमानासाठी घडवलेला पॅड सोसायटीच्या फाटकापाशी अडखळतो, हाही त्याचा दोष नव्हे.

या दोन टोकांमध्ये घाट येतो, आणि भारतीय वाहनमालकाने खरा विचार करायचा तो याच्याबद्दल. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. दीड टनाच्या गाडीची तेवढ्या उंचीमुळे असलेली ऊर्जा सुमारे ८ मेगाज्यूल, म्हणजे ताशी १०० किलोमीटरवरून चौदा वेळा थांबण्याइतकी आहे. ही सगळी ऊर्जा ब्रेकवर टाकली आणि डिस्कला वारा लागलाच नाही असे मानले, तर पुढच्या डिस्क सहाशे अंशांनी तापतील. प्रत्यक्षात वारा लागतो, हवेचा व टायरचा विरोध असतो, आणि चालकाने खालचा गिअर धरला तर इंजिन मोठा वाटा उचलते. पण पेडलवर पाय ठेवूनच घाट उतरणाऱ्याची गाडी मर्यादित वेगातही ट्रॅकवरच्या तापमानाच्या जवळ जाऊ शकते. उटीहून मसिनगुडीकडे उतरणारा ३६ तीव्र वळणांचा कल्लट्टी घाट ब्रेक निकामी होऊन होणाऱ्या अपघातांसाठीच कुप्रसिद्ध आहे. स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या स्पोर्ट्स कारमध्येही स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालचा गिअर धरून ठेवता येतो. ही सवय कोणत्याही महागड्या पॅडपेक्षा अधिक उपयोगी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

पॅडमध्ये असते काय?

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ पती कार्ल यांनी बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराचा हा पहिला ज्ञात प्रयोग मानला जातो. झिजणारा भाग वेगळा ठेवायचा आणि तोच बदलायचा, ही कल्पना आजही तीच आहे. १९५३ मध्ये जॅग्वारच्या सी-टाइप गाडीने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली आणि पुढे ड्रमची जागा हळूहळू डिस्कने घेतली. पॅडच्या घटकांत मात्र सतत बदल होत राहिले. एके काळी सर्रास वापरले जाणारे अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगाला कारणीभूत ठरते हे स्पष्ट झाल्यावर अनेक देशांनी ते हद्दपार केले.

आजचा पॅड म्हणजे तंतू, धातूची भुकटी, ग्रॅफाइटसारखे वंगण, घासणारे कण आणि हे सारे धरून ठेवणारी राळ यांचे दाबून भाजलेले मिश्रण. दुकानात त्याचे साधारण चार प्रकार सांगितले जातात. ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत व स्वस्त असतात. मात्र फार तापले की लवकर हार मानतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये वजनाने तिसऱ्या हिश्शापासून निम्म्याहून अधिक धातू असतो. ते उष्णता सोसतात, पण आवाज करतात आणि डिस्कही अधिक झिजवतात. यांच्या मधला लो-मेटॅलिक प्रकार युरोपीय गाड्यांमध्ये कारखान्यातूनच बसवलेला असतो. ताशी २०० किलोमीटरवरूनही भरवशाने थांबायचे आणि थंडीतही पहिला ब्रेक लागला पाहिजे, या दोन्ही अटी जर्मन महामार्गांनी घातल्या आणि त्यातून हा प्रकार रुजला. त्याची किंमत धुळीच्या रूपाने मोजावी लागते. जर्मन स्पोर्ट्स कारच्या मालकाला आठवड्यात दोनदा रिम पुसावे लागतात, ते यामुळेच. जपानी आणि अमेरिकी कंपन्यांचा कल मात्र कमी धूळ व कमी आवाज करणाऱ्या पॅडकडे राहिला आहे.

चौथा प्रकार सिरॅमिक पॅडचा. हे शांत असतात, त्यांची धूळ कमी आणि फिकट रंगाची असते, झीजही मंद असते. त्यांचा पहिला चावा तुलनेने सौम्य असतो, म्हणून चपळ गाडीच्या चालकाला सुरुवातीला ब्रेक ‘मऊ’ वाटतात. येथे नावामुळे एक मोठा घोटाळा होतो. सिरॅमिक पॅड हे साध्या लोखंडी डिस्कवर चालतात. कार्बन-सिरॅमिक ब्रेक म्हणजे डिस्कच वेगळ्या पदार्थाची असते. पोर्शने २००१ च्या ९११ जीटी२ मध्ये अशा डिस्क दिल्या. त्या लोखंडी डिस्कपेक्षा निम्म्या वजनाच्या असतात आणि पिवळ्या कॅलिपरवरून ओळखू येतात. अशा डिस्कसाठी त्यांचेच नेमून दिलेले पॅड लागतात. दुकानदाराने ‘सिरॅमिक’ हा शब्द ऐकून भलतेच पॅड बसवले, तर काही लाखांच्या डिस्क खराब होण्याची वेळ येते.

शर्यतीचे पॅड या चौकटीच्या बाहेरचे. त्यांना आधी दोनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते. त्याखाली त्यांची पकड कमी असते, आणि थंड अवस्थेत ते डिस्क किसणीसारखी घासतात. ट्रॅकवर शांतपणे चालणारा हाच पॅड सिग्नलजवळ ट्रकलाही लाजवील असा किंचाळतो. त्याची लोहयुक्त धूळ पावसात ओली झाली की रिमच्या रंगात गंजून रुतते. पावसाळ्यातले चार महिने गाडी उघड्यावर उभी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

जोरदार पॅड, कमी अंतर?

नवे पॅड बसवल्यावर ‘गाडी आता लवकर थांबते’ असे अनेक जण सांगतात. बहुतेक वेळा जे बदललेले असते ते थांबण्याचे अंतर नसून पेडलवरची भावना असते. गाडीला अखेर थांबवतात ते टायर. मूळ पॅडने पेडल जोरात दाबल्यावर एबीएस सुरू होत असेल, तर टायरची पकड तेथेच संपलेली असते. त्यानंतर पॅड कितीही जोरदार असला तरी एका थांब्याचे अंतर त्यामुळे कमी होत नाही. अंतर कमी करायचे असेल तर पैसे टायरवर खर्च करणे शहाणपणाचे. चांगल्या पॅडचा उपयोग दहाव्या थांब्याला दिसतो : पहिल्या वेळी मिळालेली पकड तेव्हाही टिकते की नाही, ही त्याची परीक्षा.

उलट, अति तीव्र चावा असलेला पॅड गर्दीत त्रास देतो. पेडलला पाय लागताच गाडी झटका खाते आणि मागची दुचाकी धडकता धडकता वाचते. हळूहळू, मोजून मापून ब्रेक लावता येणे हा रस्त्यावरच्या पॅडचा सर्वांत मोठा गुण आहे. जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो.

कडेवरची अक्षरे

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेल्या मजकुरात बहुधा दोन इंग्रजी अक्षरे सापडतात : ईई, एफएफ, जीजी अशी. अमेरिकेतील अभियंत्यांच्या एसएई या संघटनेच्या जे८६६ पद्धतीनुसार ही अक्षरे घर्षण गुणांक सांगतात. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि ‘एच’ म्हणजे त्याहून अधिक. पहिले अक्षर सामान्य तापमानाचे, दुसरे गरम अवस्थेचे. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालच्या श्रेणीतले असेल, तर तापल्यावर पकड कमी होते एवढे कळते. एफएफ हे रोजच्या वापरासाठी समाधानकारक मानावे.

तथापि या अक्षरांवर फार विसंबूनही चालत नाही. ‘सामान्य’ तापमान येथे सुमारे ९३ ते २०४ अंश सेल्सिअस आहे आणि ‘गरम’ची चाचणी ३४३ अंशांच्या आसपास संपते. म्हणजे पहाटेचा ३० अंशांवरचा पहिला ब्रेक आणि ट्रॅकवरचे ५०० अंश, या दोहोंबद्दल ही अक्षरे काहीच सांगत नाहीत. शिवाय चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर होते, अख्ख्या गाडीवर नव्हे.

त्यापेक्षा अधिक बोलका शिक्का युरोपीय आर९० नियमाचा. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांहून अधिक वर-खाली जाऊ नये, अशी त्याची अट आहे, आणि थंड अवस्थेतील ब्रेकचीही त्यात तपासणी होते. वर्तुळातील ‘ई’ आणि ‘९०आर’ने सुरू होणारा क्रमांक पॅडवर दिसला, तर तो रस्त्यासाठी तपासलेला आहे असे समजावे. शर्यतीच्या बहुतेक पॅडवर तो नसतो. भारतीय मानक ब्युरोचेही ब्रेक लाइनिंगसाठी आयएस २७४२ हे मानक आहे. ज्या पॅडवर कंपनीचे नाव, भाग क्रमांक, उत्पादनाची तुकडी यांपैकी काहीच नाही आणि किंमत मूळ भागाच्या चौथ्या हिश्शाइतकी आहे, तो ‘सेम क्वालिटी’चा पॅड दुकानातच राहू द्यावा.

आधी ब्रेक ऑइल पाहा

घाटात ब्रेक ‘गेले’ म्हणून पॅड बदलायला आलेल्या गाडीत दोष अनेकदा पॅडचा नसतो. लक्षणे वेगवेगळी आहेत. पेडल घट्ट आहे, पूर्ण ताकदीने दाबले आहे आणि तरीही गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला आहे. त्यातील राळ विघटित होऊन घर्षण घसरले आहे. पेडल मऊ होऊन तळापर्यंत गेले, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण त्याची पूर्वसूचना फारशी मिळत नाही.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. मुंबई, गोवा, कोची, चेन्नई यांसारख्या दमट हवेच्या ठिकाणी ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे हा म्हणूनच केवळ उपचार नाही. वर्षातून दोन-तीन हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचे मालक ‘गाडी चाललीच नाही’ म्हणून ते टाळतात, पण ओलावा किलोमीटर मोजत नाही. नावातील साम्यामुळे सिलिकॉनचे डॉट ५ मात्र या ऑइलमध्ये कधीही मिसळू नये.

मग निवड कोणती?

ज्याची गाडी शहरात, महामार्गावर आणि अधूनमधून घाटात चालते, त्याच्यासाठी मूळ कंपनीचा किंवा आर९० प्रमाणित तत्सम पॅड हेच बहुतेक वेळा योग्य उत्तर आहे. उत्तर रंजक नाही, हे मान्य. पण गाडीच्या निर्मात्याने एबीएस, पुढच्या-मागच्या ब्रेकमधील समतोल आणि पेडलचा प्रवास हे सारे त्याच पॅडवर बेतलेले असते. ताजे ऑइल, चांगले टायर आणि मूळ पॅड एवढ्यावर बहुतांश चालकांची गरज भागते.

धुळीला कंटाळलेल्याने नामांकित सिरॅमिक पॅड घ्यायला हरकत नाही. सौम्य चाव्याची सवय होईपर्यंत पुढच्या गाडीपासून अंतर थोडे जास्त ठेवावे लागेल आणि ट्रॅकचा विचार सोडावा लागेल. कोडगू, निलगिरी किंवा हिमाचलच्या डोंगररस्त्यांवर जोमाने गाडी चालवणाऱ्यासाठी ‘फास्ट रोड’ नावाने विकला जाणारा मधला वर्ग उपयुक्त ठरतो. असा पॅड निवडताना कंपनीने दिलेल्या तापमानाच्या वरच्या आकड्याइतकेच खालच्या आकड्याकडेही पाहावे. तो शंभर अंशांपासून सुरू होत असेल, तर पॅड रोजच्या गाडीसाठी नाही.

वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्यांमध्ये ‘दोन्हीकडे चालेल असा एकच’ पॅड शोधण्याची हौस मोठी आहे. त्यापेक्षा दोन संच ठेवणे प्रस्तुत प्रतिनिधीला अधिक व्यवहार्य वाटते. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये पॅड बदलणे हे सराईत मेकॅनिकसाठी तास-दोन तासांचे काम आहे. एकच पॅड वर्षभर बसवून ठेवला, तर तीन दिवसांच्या ट्रॅकसाठी उरलेले सव्वातीनशेहून अधिक दिवस थंड ब्रेकची जोखीम पत्करावी लागते.

कोणताही संच घेतला तरी पुढे एक आणि मागे दुसरा असे करू नये. पुढे फार तीव्र पॅड बसवल्यास मागचे ब्रेक आपला वाटा उचलत नाहीत. मागे बसवल्यास गाडी अस्थिर होऊ शकते. मागे इंजिन असलेल्या गाडीत तर मागच्या ब्रेकचा वाटा मुळातच मोठा असतो. आधुनिक गाड्यांत स्थैर्य राखणारी यंत्रणा मागचे ब्रेक स्वतःहून लावत असल्याने मागचे पॅड पुढच्यांच्या आधी झिजलेले आढळणेही नवलाचे नाही. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असल्यास कॅलिपर सोडवण्यासाठी गाडी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. पिस्टन पान्याने रेटून मागे ढकलणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणलेली बरी.

नवा पॅड लगेच पूर्ण पकड देत नाही. त्याच्या पदार्थाचा अतिशय पातळ थर डिस्कवर समान बसावा लागतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही, आणि नंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून डिस्क निवू द्यायची. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली, तर त्या जागी थर जाड बसतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणून ज्या डिस्क फेकल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच डिस्कना हाच आजार असतो. ट्रॅकचे पॅड काढून रस्त्याचे बसवले की ही रुळवण्याची क्रिया पुन्हा करावी लागते, कारण डिस्कवर आधीच्या पॅडचा थर शिल्लक असतो.

पॅडचे अस्तर नवे असताना साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असते आणि ते तीन मिलिमीटरवर आले की बदलावे. झीज सांगणारी सेन्सरची तार असलेल्या गाडीत नव्या पॅडला ती बसवण्याची जागा आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्यावे. त्याच वेळी डिस्कवर कोरलेला किमान जाडीचा आकडाही मेकॅनिककडून मोजून घ्यावा. डिस्क त्याखाली उतरली असेल, तर नव्या पॅडसोबत नव्या डिस्कही घ्याव्या लागतील.